चिडवणारी हवा, झुलणारा आत्मा

‘आमचं बेट तुम्हाला रेंगाळण्याचं आमंत्रण देतं. इथल्या चिडवणाऱ्या हवेत आत्मा झुलत सोडा. लहान-मोठे सगळेच इथे आपापल्या खर्चावर येतात आणि एकही इच्छा उघडी राहत नाही.’

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एखाद्या बेटाची जाहिरात शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणली, तर ती साधारण अशी दिसेल. हा उतारा इथे जुळवलेला आहे, पण त्यातला एकेक तुकडा अस्सल आहे. जर्मन पर्यटन-पत्रकांत हे तुकडे इतके सर्रास भेटतात की जर्मन वाचकाची नजर त्यांच्यावरून घसरून पुढे जाते. कसला आत्मा आणि कसली चीड, असा प्रश्नही त्याला पडत नाही. पंचाईत होते ती हेच पत्रक इंग्रजीत न्यायचं ठरलं की. कारण शब्द तसेच नेले तर बेटाऐवजी इस्पितळाची जाहिरात वाचल्यासारखं वाटतं. आणि सगळेच्या सगळे बदलले तर उरतं ते जगातल्या कुठल्याही बेटाला चालेल असं गुळगुळीत काहीतरी.

त्यात हे इंग्रजी वाचणारा माणूस इंग्रज असेलच असं नाही. तो डॅनिश असेल, जपानी असेल, किंवा श्टुटगार्टच्या मोटार कंपनीत नुकताच रुजू झालेला आणि शनिवार-रविवारची सहल शोधणारा पुण्याचा इंजिनिअर असेल. या सगळ्यांना एकाच इंग्रजीतून ‘या, बसा’ म्हणायचं असतं.

ही अडचण जवळपास दीडशे वर्षांची आहे. १८७८ मध्ये मार्क ट्वेन जर्मनीत भटकत होता. फ्रँकफर्टच्या एका दुकानात त्याला ऱ्हाइन नदीकाठच्या दंतकथांचं एक पुस्तक मिळालं. मूळ लेखक कीफर, इंग्रजी भाषांतर गार्नम, बी.ए. यांचं. या गार्नमसाहेबांनी जर्मन वाक्याचा सांगाडा जागचा हलू न देता त्यावर फक्त इंग्रजी शब्द चढवले होते. ट्वेन त्या पुस्तकावर बेहद्द खूश झाला. १८८० च्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’मध्ये त्याने त्याची गंभीर चेहऱ्याने तारीफ केली, त्यातल्या कथा उतरवून घेतल्या आणि ऱ्हाइनच्या दंतकथेतल्या लोरेलायच्या गीताचं आपण केलेलं भाषांतर देऊन झाल्यावर गार्नमचंही शेजारी छापलं. पर्यटकांसाठी जर्मनीत विकलं जाणारं इंग्रजी हा विनोदाचा विषय तेव्हापासून आहे. पण हसून झाल्यावर त्या विचित्र शब्दांच्या मुळाशी गेलं, की हाती लागतं ते विनोदापेक्षा कितीतरी मोठं असतं.

हवा चिडवते म्हणजे काय

चिडवणाऱ्या हवेपासूनच सुरुवात करू. मूळ शब्द ‘राइत्सक्लीमा’. ‘क्लीमा’ म्हणजे हवामान. ‘राइत्स’ मात्र बिलंदर शब्द आहे. मज्जातंतूंना मिळणारी चेतना म्हणजे राइत्स, त्वचेची चुरचूर म्हणजे राइत्स, आणि एखाद्या सुंदर चेहऱ्याची मोहिनी म्हणजेही राइत्सच. एखादी व्यक्ती ‘राइत्सेंड’ आहे असं म्हटलं तर ती लाघवी आहे असा अर्थ. वायू तसा आहे म्हटलं तर डोळ्यांना पाणी येणार.

हवामानाच्या बाबतीत हा शब्द कवींचा नसून डॉक्टरांचा आहे. उत्तर समुद्राच्या बेटांवर वारा सतत वाहतो, तापमान भराभर बदलतं, ऊन प्रखर असतं आणि लाटांच्या तुषारांतून मिठाचे सूक्ष्म कण हवेत तरंगत असतात. शरीराला या सगळ्याशी जुळवून घ्यायला मेहनत पडते. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, प्रसरण पावतात, श्वास खोल होतो. ही मेहनत हाच उपचार, असं जर्मन वैद्यक मानतं. याच्या उलट ‘शोनक्लीमा’, म्हणजे शरीराला जपणारी, सौम्य हवा. कुणाला बेटावर पाठवायचं आणि कुणाला झाडीच्या, आडोशाच्या गावात, हे डॉक्टर त्यावरून ठरवत.

आता इंग्रजीत काय लिहायचं? ‘इरिटेटिंग’ लिहिलं तर गिऱ्हाईक पळालं. ‘स्टिम्युलेटिंग क्लायमेट’ चुकीचं नाही, पण त्याला औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीचा वास येतो. नेमका शब्द सापडतो तो त्याच समुद्राच्या पलीकडच्या काठावर. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लिंकनशरमध्ये स्केगनेस नावाचं गाव आहे. समुद्र तोच, वाराही तसाच हाडांत शिरणारा. १९०८ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने या गावासाठी जॉन हॅसल या चित्रकाराकडून एक भित्तिचित्र करून घेतलं. त्यात जर्सी घातलेला, पोट सुटलेला एक कोळी हात पसरून वाळूवर उड्या मारत निघालाय आणि खाली घोषणा आहे की स्केगनेस फार ‘ब्रेसिंग’ आहे. इंग्रजी पर्यटनाच्या इतिहासात इतकी गाजलेली जाहिरात क्वचितच सापडेल. ‘ब्रेसिंग’ म्हणजे अंगावर शहारा आणून माणसाला ताठ उभा करणारी हवा. थंडी वाजेल हे त्या शब्दात कबूल केलेलं आहे, आणि त्याच थंडीचं कौतुकही आहे. राइत्सक्लीमाला इंग्रजीत याहून चपखल शब्द नाही.

इथे थोडं थांबून मागे पाहावं असं काही आहे. समुद्रकाठी जाऊन तब्येत सुधारायची ही कल्पनाच जर्मनांनी इंग्लंडकडून घेतली. ग्योटिंगेनचा भौतिकशास्त्रज्ञ आणि लेखक लिश्टेनबेर्ग इंग्लंडमध्ये राहून आला होता, तिथलं मार्गेटचं समुद्रस्नान त्याने अनुभवलं होतं. १७९३ मध्ये त्याने लेख लिहून विचारलं, की जर्मनीत एकही मोठं सार्वजनिक समुद्रस्नानाचं ठिकाण का नाही? त्याच वर्षी बाल्टिक किनाऱ्यावर हायलिगेनडाम इथे मेक्लेनबुर्गच्या ड्यूकने पहिलं ठिकाण सुरू केलं. १७९७ मध्ये उत्तर समुद्रातलं नॉर्डरनाय बेट त्या वाटेने गेलं. म्हणजे आज एखादा भाषांतरकार नॉर्डरनायसारख्या बेटाचं पत्रक इंग्रजीत नेतो, तेव्हा तो परक्या मुलखात काही नवं घेऊन जात नाही. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथूनच निघालेली कल्पना जर्मन डॉक्टरांच्या हातून फिरून माघारी जात असते. तिच्यासाठी लागणारा शब्द तिच्या माहेरी आधीच तयार होता.

सुट्टीच्या पत्रकात शिरलेले साहित्यिक

‘आत्मा झुलत सोडा’ हा वाक्प्रचार तर जर्मनीतल्या प्रत्येक तलावाकाठच्या हॉटेलने वापरलेला असेल. ‘डी झेले बाउमेल्न लासन’. ‘बाउमेल्न’ म्हणजे लोंबकळणं, कठड्यावर बसून पाय हलवावेत तसं. पायांऐवजी इथे आत्मा हलतो आहे. शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की वाचकाला फाशीचा दोर आठवतो. म्हणून जाणकार भाषांतरकार तिथे साधं ‘अनवाइंड’ लिहितो किंवा पाय पसरून बसण्याबद्दल काहीतरी लिहितो आणि पुढे जातो.

पण हा आत्मा पत्रकात आला कुठून? त्याला प्रसिद्धी मिळवून दिली कुर्ट टुखोल्स्कीने. १९३१ मध्ये त्याची ‘श्लोस ग्रिप्सहोल्म’ ही छोटी कादंबरी आली. स्वीडनमधल्या एका किल्ल्यात काढलेल्या उन्हाळी सुट्टीची, वरवर हलकीफुलकी गोष्ट. कुरणात पडून राहण्याच्या एका प्रसंगात ही प्रतिमा येते. टुखोल्स्की त्या काळातला अत्यंत धारदार उपहासकार. १९३३ मध्ये नाझींनी त्याची पुस्तकं जाळली, त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. १९३५ च्या डिसेंबरात तो स्वीडनमध्येच निर्वासित म्हणून वारला आणि त्याच ग्रिप्सहोल्म किल्ल्याजवळच्या मारीफ्रेड गावात पुरला गेला. आज त्याची ती प्रतिमा मसाज आणि बाष्पस्नानाच्या दरपत्रकावर दिसते. वाचणाऱ्या बहुतेकांना तिचा उगम ठाऊक नसतो, तरी ती त्यांना कुठल्याशा जुन्या, उबदार ओळखीची वाटते. इंग्रजी वाचकाकडे ही ओळख नाही. त्याच्यासाठी तो शब्द ठेवणं म्हणजे ज्या घराची किल्लीच त्याच्याकडे नाही, त्या घराचा पत्ता देणं.

‘रेंगाळण्याचं आमंत्रण’ याची कथा याहून मजेदार आहे. ‘लेड्ट त्सुम फेरवायलन आइन’ हे शब्द जर्मन पर्यटनात चौकातल्या बाकापासून राजवाड्याच्या बागेपर्यंत कशालाही लावले जातात. कारंजं रेंगाळायला बोलावतं, कॉफीचं दुकान बोलावतं, बसथांब्याशेजारची हिरवळही बोलावते. आता हे ‘फेरवायलन’ क्रियापद रोजच्या बोलण्यातलं नाही. जरा जुनं, जरा भरजरी आहे. आणि शिकलेल्या जर्मन माणसाच्या कानात ते ग्योटेच्या ‘फाउस्ट’मुळे बसलेलं आहे. या नाटकाचा पहिला भाग १८०८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फाउस्ट सैतानाशी पैज लावतो ती याच क्रियापदावर. ज्या दिवशी मी एखाद्या सुंदर क्षणाला ‘थांब जरा’ असं विनवीन, त्या दिवशी माझा जीव तुझा, अशी ती पैज. म्हणजे जर्मन साहित्यातली सगळ्यांत महागडी विनवणी ज्या क्रियापदाने केली, ते आज कॉफी आणि केकसोबत फुकट मिळतं.

इंग्रजीत ‘इन्व्हाइट्स यू टु लिंगर’ असं लिहिता येतं, व्याकरण बरोबर असतं आणि तरी इंग्रज वाचक ओळखतो की हे मूळ जर्मन आहे. इंग्रजीत बाक कुणाला आमंत्रण देत नाही. माणूस जाऊन त्यावर बसतो. म्हणून चांगलं भाषांतर कर्ताच बदलतं. ‘चौक तुम्हाला रेंगाळायला बोलावतो’ याचं ‘चौकात लिंडनच्या सावलीत बाकं आहेत, दुपारी चारनंतर ऊन उतरतं’ असं काहीतरी होतं. पण त्यासाठी तिथे लिंडन आहे की चेस्टनट, हे माहीत हवं. भाषांतरकाराला पर्यटन कार्यालयाला फोन लावावा लागतो. जर्मन विशेषणाच्या जागी इंग्रजीत वस्तुस्थिती ठेवायची, ही या धंद्यातली पहिली शहाणपणाची गोष्ट.

उरलेले दोन तुकडे सोपे, पण फसवे. ‘आपापल्या खर्चावर येणं’ हा बाजारातून आलेला हिशेब आहे. खर्च केलेले पैसे वसूल होणं असा त्याचा भाव. तसाच नेला तर वाचकाला वाटेल की खर्च ज्याचा त्याने करायचा आहे. इंग्रजीत तिथे ‘समथिंग फॉर एव्हरीवन’ म्हणतात. आणि ‘एकही इच्छा उघडी राहत नाही’ हे घाईत नेलं तर अर्थ उलटाच होतो, कारण इंग्रजीत ज्याच्यात ‘बरंच काही हवंसं राहून जातं’ ते वाईट. एक नकार इकडचा तिकडे झाला की पंचतारांकित हॉटेलची बदनामी छापून तयार.

जिथे विशेषणाला सरकारी शिक्का असतो

प्रत्येक गोड शब्द मोकळेपणाने बदलता येतो असं मात्र नाही. जर्मन पत्रकांत काही शब्द जाहिरातीसारखे दिसतात आणि असतात कायद्याचे. गावाच्या नावाआधी येणारं ‘बाड’ घ्या. बाड एम्स, बाड किसिंगेन, बाड होम्बुर्ग. बाड म्हणजे स्नान. आरोग्यस्नानाचं गाव म्हणून सरकारी मान्यता असल्याची ती खूण आहे. इंग्रजी वाचकाला ती नेमकी ‘वाईट’ अशी वाचता येते, यावर विनोद करून लोक दमले आहेत. आखेन शहरालाही हा मान आहे, पण ते नावाआधी तो लावत नाही. का, तर वर्णक्रमाच्या यादीतला पहिला नंबर जाईल म्हणून, असं गमतीने सांगितलं जातं.

याच घराण्यातला शब्द ‘लुफ्टकूरऑर्ट’: हवेने बरं करणारं गाव. हे कुणालाही आपल्या पाटीवर लिहिता येत नाही. राज्याच्या कायद्याप्रमाणे तिथली हवा मोजली जाते, हवामानाची तपासणी होते, ठरावीक काळाने ती पुन्हा होते. दर्जा मिळाला की पाहुण्यांकडून दर रात्रीमागे ‘कूरटाक्से’ नावाचा कर घेता येतो. अशा वेळी ‘ताज्या हवेचं गाव’ असं नुसतं गोजिरवाणं इंग्रजी लिहिणं म्हणजे प्रमाणपत्राला कौतुक समजणं. ‘क्लायमॅटिक हेल्थ रिसॉर्ट’ हे अधिकृत भाषांतर बरोबर आहे, पण वाचून कुणी बॅग भरायला घेणार नाही. चांगला भाषांतरकार मधली वाट काढतो. स्वच्छ हवेसाठी या गावाला सरकारी मान्यता आहे, असं सरळ वाक्य लिहितो. बढाई कमी होते, विश्वास वाढतो.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट लख्ख दिसते, जी इंग्रजाला दिसणार नाही. माथेरान-महाबळेश्वरला इंग्रज ‘हिल स्टेशन’ म्हणाले. आपण त्याचं ‘डोंगरी स्थानक’ केलं नाही. ‘थंड हवेचं ठिकाण’ केलं. लोक तिथे डोंगरासाठी जात नसून हवेसाठी जातात, हे ओळखून कुणीतरी नवा शब्द घडवला आणि तो इतका मुरला की त्यामागे भाषांतराचं काम झालं होतं हेच विसरलं गेलं. एखाद्या ‘लुफ्टकूरऑर्ट’चं पत्रक उद्या मराठीत करायचं झालं, तर इंग्रजीपेक्षा निम्म्या कष्टात होईल. सरकारी शिक्का तेवढा वेगळा सांगावा लागेल.

शिक्क्याच्या शब्दांइतकेच अवघड असतात ज्या वस्तू वाचकाने पाहिलेल्याच नाहीत त्यांचे शब्द. अनेक आरोग्यस्नानाच्या गावांत ‘ग्राडिअरवेर्क’ नावाचं एक अजब बांधकाम असतं. लाकडी चौकटीत काटेरी झुडपांच्या फांद्या रचून केलेली उंचच उंच भिंत. बाड क्योझेनची तर सुमारे ३२० मीटर लांब आहे. तिचा मूळ उद्देश मीठ पिकवण्याचा. जमिनीखालून काढलेलं खारं पाणी वरून सोडायचं, ते फांद्यांवरून थेंबाथेंबाने ठिबकतं, वाऱ्याने त्यातलं पाणी उडून जातं आणि खाली पोचेपर्यंत खारटपणा वाढलेला असतो. शिवाय पाण्यातली अशुद्ध द्रव्यं फांद्यांवर चिकटून त्यांचे दगड बनतात. मग उरलेलं पाणी आटवायला लाकूड कमी लागतं. पुढे मीठ स्वस्त झालं, हा उद्योग बंद पडला, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की या भिंतीशेजारी उभं राहिलं की समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत समुद्रकाठासारखा खारा श्वास घेता येतो. कारखान्याचा दवाखाना झाला.

इंग्रजीत याला ‘ग्रॅज्युएशन टॉवर’ म्हणतात. शब्द तांत्रिकदृष्ट्या निर्दोष, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे काळे झगे घातलेले पदवीधर. इथे नाव सांगून भागत नाही, एक ओळ खर्चून यंत्र कसं चालतं ते सांगावं लागतं. आणि ती ओळ कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त ओढ लावते. तीच गोष्ट ‘श्ट्रांडकोर्ब’ची. शब्दशः ‘किनाऱ्यावरची टोपली’. खरं म्हणजे वेताची, वर छप्पर असलेली बैठक. १८८२ मध्ये रोस्टॉकच्या बार्टेलमान नावाच्या बुरुडाने ती पहिल्यांदा विणली, संधिवाताने त्रस्त असूनही समुद्रकाठी बसण्याचा हट्ट धरलेल्या एका बाईंसाठी. ‘बीच बास्केट’ वाचून आईस्क्रीम-सँडविचची टोपली डोळ्यांपुढे येते. ‘वाऱ्याला पाठ करून बसायची छपराची वेती खुर्ची’ म्हटलं की बाई, संधिवात आणि वारा सगळं एकदम कळतं.

स्वित्झर्लंड नसलेलं स्वित्झर्लंड

नावांचं दुखणं आणखी निराळं. ड्रेस्डेनजवळ एल्बे नदीकाठी वालुकाश्माचे सुळके आहेत. त्या भागाचं नाव ‘झेक्सिशे श्वाइत्स’, म्हणजे सॅक्सनीतलं स्वित्झर्लंड. हे नाव दोन खऱ्याखुऱ्या स्विस माणसांकडे जातं. आद्रियान त्सिंग आणि आंटोन ग्राफ हे चित्रकार १७६६ मध्ये ड्रेस्डेनच्या कला अकादमीत आले, आसपास फिरताना त्यांना मायदेशातल्या ज्युरा डोंगरांची आठवण झाली, आणि आठवणीतून नाव पडलं. पुढे एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडची अशी हवा झाली की जिथे थोडा चढ-उतार, थोडं पाणी दिसेल तिथे लोक त्या देशाचं नाव देऊ लागले. उत्तरेतल्या होल्श्टाइनमध्येही एक स्वित्झर्लंड आहे. तिथला सर्वांत उंच डोंगर बुंग्सबेर्ग, उंची १६८ मीटर!

जर्मन वाचकाला ‘श्वाइत्स’ हा इथे देश नसून निसर्गाचा एक प्रकार आहे, हे ठाऊक असतं. ‘सॅक्सन स्वित्झर्लंड’ वाचणारा परका पर्यटक मात्र नकाशात सीमा शोधू लागतो. नाव बदलता येत नाही, कारण १९९० पासून ते एका राष्ट्रीय उद्यानाचं नाव आहे. मग भाषांतरकार नावामागे एक उपवाक्य हळूच जोडतो: ड्रेस्डेनपासून थोड्याच अंतरावरचे वालुकाश्माचे कडे. मूळ पत्रकात हे नसतं, कारण मूळ वाचकाला लागत नाही. म्हणजे भाषांतरात शब्द गळतात तसे वाढावेही लागतात.

‘रोमांटिशे श्ट्रासे’च्या बाबतीत गैरसमज जर्मनीला फळला. व्युर्त्सबुर्गपासून फ्युसेनपर्यंत जाणारा हा पर्यटन-मार्ग १९५० मध्ये जाहीर झाला. युद्धानंतर बव्हेरियात अमेरिकन सैन्य होतं, त्यांची कुटुंबं होती. त्यांना उद्ध्वस्त शहरांऐवजी तटबंदीची जुनी गावं दाखवायची होती. जर्मनमध्ये त्या विशेषणाचा रोख जुन्या वास्तू, पडके बुरूज, चित्रासारखी दृश्यं यांच्याकडे अधिक. इंग्रजीत ‘रोमँटिक रोड’ झाल्यावर त्यात प्रेमिकांची जोडी येऊन बसली. कुणी तिला उठवलं नाही. आज त्या मार्गावरच्या पाट्यांवर जपानी अक्षरंही आहेत.

हेतू आधी, वाक्य नंतर

या सगळ्या खटाटोपाला शास्त्राचं रूप दिलं तेही जर्मनांनीच. १९७१ मध्ये काथारिना राइस यांनी मांडलं की मजकुराचे प्रकार ओळखल्याशिवाय भाषांतराला चांगलं-वाईट म्हणता येत नाही. काही मजकूर माहिती देतो, काही स्वतःच कलाकृती असतो, आणि काही वाचणाऱ्याकडून काहीतरी करवून घेण्यासाठी लिहिलेला असतो. पर्यटनाचं पत्रक तिसऱ्या जातीचं. तिथे निष्ठा शब्दांशी नसून परिणामाशी. हान्स फेरमेर यांनी त्यापुढे पाऊल टाकलं आणि ग्रीक भाषेतला ‘स्कोपोस’, म्हणजे हेतू, हा शब्द मध्यभागी आणून ठेवला. १९८४ मध्ये दोघांनी मिळून त्याचा ग्रंथ केला. भाषांतर कशासाठी हवं आहे, यावर ते कसं करायचं हे ठरतं. ऐकायला साधी गोष्ट, पण मूळ ग्रंथापुढे शतकानुशतकं हात जोडून उभ्या असलेल्या भाषांतरकाराला तिने पहिल्यांदा बसायला खुर्ची दिली. क्रिस्टियाने नोर्ड यांनी मात्र बजावलं की या मोकळिकीला सचोटीची जोड हवी. मूळ लेखकालाही फसवायचं नाही आणि नव्या वाचकालाही नाही. बेटावर वारा असेल तर इंग्रजीतही वारा हवा.

आता कोलोनच्या डीपएलसारखी यंत्रं २०१७ पासून क्षणात भाषांतर करून देतात, नेहमीचे वाक्प्रचार ओळखतात. पण फोन करून ‘तुमच्या चौकात झाड कोणतं?’ हे त्यांना विचारता येत नाही. विचारायला हवं, हेही कुणीतरी आधी ठरवावं लागतं.

आणि काही ठिकाणी माणूसही हरतो. जर्मन पत्रकांचा लाडका शब्द ‘एर्लेबनिस’. पोहण्याचा तलाव एर्लेबनिस, बाजारहाट एर्लेबनिस, रानातली पायवाटही एर्लेबनिस. इंग्रजीत एकच ‘एक्स्पीरियन्स’ आहे, जर्मनमध्ये दोन: आयुष्यात साठत जाते ती ‘एरफारुंग’, आणि एखाद्या क्षणी अंगावर येतं, आतून भिनतं ते ‘एर्लेबनिस’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डिल्टाय या तत्त्वज्ञाने या शब्दावर आपल्या विचाराचा डोलारा उभा केला. मराठीत आपल्याकडे अनुभव आणि अनुभूती अशी जोडी आहे. इंग्रजी भाषांतरकाराकडे नाही. त्यामुळे तो शब्द गाळून टाकतो आणि तलावाला घसरगुंड्या किती आहेत ते लिहितो. वाचणाऱ्या पोरांना तेच हवं असतं.

शेवटी एक घोषणा, जी इंग्रजीत गेली आणि तिथे नुसती उभी राहिली. बाडेन-व्युर्टेमबेर्ग हे राज्य मोटारींचं, यंत्रांचं, काटेकोर कारागिरांचं. तिथली श्वेबिश बोली उरलेल्या जर्मनीच्या चेष्टेचा हक्काचा विषय. १९९९ मध्ये या राज्याने शोल्त्स अँड फ्रेंड्स या जाहिरात संस्थेकडून स्वतःची घोषणा करून घेतली. अर्थ असा: आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. पहिल्या वाक्यात बढाई, दुसऱ्यात स्वतःच्याच बढाईला टाचणी. घोषणा जर्मनीभर गाजली. इंग्रजीत ती ‘स्टँडर्ड जर्मन’ असे शब्द घेऊन गेली आणि एखाद्या शाळेच्या प्रगतिपुस्तकातली नोंद वाटू लागली. कारण इंग्रजी वाचणाऱ्या जगाला जर्मनांच्या आपसातल्या बोलीच्या मानापमानाशी देणंघेणं नाही.

त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट, आणि १९६८ पासून मुंबई तिचं भगिनी-शहर आहे. तीच घोषणा इंग्रजीला वळसा घालून थेट मराठीत आणली, ‘आम्हाला सगळं जमतं, एक प्रमाण भाषा सोडली तर’ अशी, आणि नागपूर, मालवण किंवा धुळ्याच्या माणसाला ऐकवली, तर टीप द्यावी लागणार नाही. मराठी जर्मनच्या जवळची आहे म्हणून नव्हे. ‘तुमची भाषा अशुद्ध आहे’ हे ऐकून घेतलेली आणि तरी आपल्या कामात कुणाला हार न जाणारी माणसं दोन्हीकडे आहेत, म्हणून.